हवाईन गिटार : नटच्या खाचांची खोली

मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी बार सरकवत वाजवायच्या गिटारला लॅप स्टील म्हणतात. आपल्याकडे ती हवाईन गिटार म्हणूनच ओळखली जाते. तिच्या खुंट्यांकडच्या टोकाला तारा ज्या पट्टीवर टेकतात ती पट्टी म्हणजे नट. तंबोऱ्यात हे काम अटी करते. नटवरची प्रत्येक खाच अशा खोलीची हवी की कमीजास्त जाडीच्या साऱ्या तारांचे माथे एका सपाटीत येतील.

हे वादनतंत्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर रुजले. त्याचे श्रेय सहसा जोसेफ केकुकू याला दिले जाते. भारतात ब्रिजभूषण काब्रा यांनी या गिटारवर रागसंगीत वाजवले, तर विश्वमोहन भट्ट यांनी तिच्यात बदल करून घडवलेल्या मोहनवीणेच्या वादनाला १९९४ साली ग्रॅमी मिळाले.

साध्या गिटारवर तार बोटाने पडद्यावर दाबतात, म्हणून तिथे खाच जास्त खोल गेली की मोकळी तार पहिल्या पडद्याला लागून खरखरते. हवाईन गिटारच्या तारा पट्टीपासून साधारण ९ ते १२ मिमी उंच असतात, त्यामुळे ती भीती नाही. इथली अडचण बारची आहे. बार सरळ आणि ताठ असतो. एखादी तार बाकीच्यांपेक्षा खाली असेल तर तो तिला नीट टेकत नाही आणि ती झणझणते. हा दोष पहिल्या दोन-तीन पडद्यांवर सर्वांत जास्त जाणवतो, कारण नटजवळ तार ताठ असते, बारखाली दबत नाही.

‘जी’ (G) या सुरात मिळवायच्या तारांचा एक प्रचलित संच घेतला तर तारांची जाडी ०.४१, ०.४६, ०.६६, ०.९१, १.१७ आणि १.४२ मिमी असते. नटचा माथा सपाट असून प्रत्येक तार त्याच्या वर ०.२ मिमी राहावी असे ठरवले, तर सर्वांत बारीक तारेची खाच ०.२१ आणि सर्वांत जाड तारेची १.२२ मिमी खोल येते. सगळ्या खाचा सारख्या खोल कापलेला नट या वाद्याला निरुपयोगी आहे. बारीक तार खाचेत पार बुडू देऊ नये. तिचा निम्मा भाग तरी वर दिसावा.

खोलीइतकाच खाचेच्या तळाचा उतारही महत्त्वाचा आहे, आणि सीमाभागातल्या वादकाने इथे विशेष लक्ष द्यावे. मिरज आणि धारवाड यांच्या मधला हा मुलूख. कुमार गंधर्वांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा (१९२४), आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. इथला कान जवारीवर वाढलेला असतो. तंबोऱ्याच्या भोपळ्याकडच्या टोकाला तारा ज्या रुंद पट्टीवर टेकतात ती घोडी. तिला तार हलकेच घासत राहते, त्यातून उमटणारा भरलेला नाद म्हणजे जवारी. गिटारच्या नटवर मात्र तार एकाच बिंदूवर सुटायला हवी. म्हणून खाचेचा तळ पडद्यांच्या बाजूला सर्वांत उंच ठेवून खुंट्यांकडे उतरता घासतात. तळ सपाट राहिला किंवा उतार उलटा पडला तर तार खाचेतच घासू लागते. तो आवाज जवारीसारखा वाटला तरी तो दोषच होय, कारण तो फक्त मोकळ्या तारेवर येतो आणि बार ठेवताच नाहीसा होतो. मोकळ्या तारेची खरखर खाचेच्या तळामुळे आहे की अन्य कशामुळे, हे ओळखायची रीतही हीच. बार ठेवूनही ती तशीच राहिली तर घोडीकडे पाहावे.

खाचेचा तळ गोल हवा आणि रुंदी तारेपेक्षा किंचित जास्त. निमुळत्या खाचेत तार चिमटते, आणि सूर मिळवताना खुंटी फिरवूनही हलत नाही, मग एकदम टणकन उडी मारते. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या पावसाळ्यात तारांवर गंज धरला की अशी अडकाअडक आणखी वाढते.

काम एकेका तारेवर करतात. तार सैल करून बाजूला सारायची, बारीक गोल कानशीने दोन-चार हात मारायचे, तार परत बसवून पूर्ण सुरात आणायची आणि मगच तपासायचे. नटजवळ सर्व तारांवर पोलादी पट्टी आडवी ठेवून मागून उजेड धरला की फट लगेच दिसते. बेळगावात उद्यमबागेच्या कारखान्यांमुळे फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) आणि व्हर्नियर ही हत्यारे अनेकांच्या हातात रोजची आहेत. ती इथे नेमकी उपयोगी पडतात. पितळी नट करून घ्यायचा असेल तरी तिथलाच कारागीर गाठावा.

एखादी खाच जास्त खोल गेली तर बाकीच्या तेवढ्याच खाली घेता येतात, कारण उंचीला इथे भरपूर वाव असतो. तेवढ्यासाठी नट बदलायची घाई करू नये. एकाच खाचेची दुरुस्ती हवी असेल तर हाडाचा भुगा आणि फेविक्विक भरून, वाळल्यावर ती पुन्हा कापतात. साधी गिटार उंच नट लावून हवाईन केली असेल, तर तिची घोडी बहुधा कमानदार असते. ती सपाट करून घेतल्याशिवाय नटला कानस लावण्यात अर्थ नाही.