भांड्यांचे वेगळे, फरशीचे वेगळे

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत नवं बिऱ्हाड आलं की दोन दिवसांत दारात एक बोलणं होतं. मावशी विचारतात, "माणसं किती?" मग, "धुण्याला मशीन आहे का? भांडी एक वेळ का दोन वेळ?" घरातली बाई म्हणते, "तिघंच आहोत हो, भांडी निघून निघून किती निघणार!" भांड्यांचे वेगळे, फरशीचे वेगळे, कपडे वाळत घालायचे असतील तर त्याचे वेगळे. महिन्याला खाडे किती आणि दिवाळीला एक पगार देणार का, हे सगळ्यात शेवटी. पाच मिनिटांत ठरतं. कागद नाही, सही नाही.

पोळ्यांच्या बाईंशी मात्र हे बोलणं उंबऱ्यावर होत नाही. त्यांना आत बोलावतात, खुर्ची देतात. त्यांचा दरही जास्त आणि त्या मावशी नसतात, काकू असतात. मावशी आणि काकू यांच्यातलं हे अंतर कुठून आलं, हे पाहायला पेठांमध्ये मागे जावं लागतं.

पेशवाईत मोठ्या वाड्यांतलं दळण-कांडण, सारवण, शेणगोठा हे कष्टाचं काम कुणबिणी आणि बटकी करत. या नोकर बायका नव्हत्या. त्यांची खरेदी-विक्री होई, त्या भेट म्हणून दिल्या जात. सरकारी कोठ्या-कारखान्यांतही त्यांना राबवलं जाई. 'बदकर्मा'चा ठपका आलेल्या बाईला सरकारच कुणबीण करून टाकी, असे दाखले पेशवे दप्तरात आहेत. पेशवाई 1818 मध्ये गेली, 1843च्या कायद्याने गुलामगिरीची कोर्टातली मान्यताही संपली. वरकामाची पायरी मात्र ठरून गेली होती.

स्वयंपाकघराचं प्रकरण निराळं. तिथे सोवळं, म्हणजे परजातीचा हात चालत नव्हता. ते काम बहुतेकदा घरातल्याच विधवेवर पडे. केशवपन झालेली, आलवणातली आत्या किंवा काकू पहाटेपासून चुलीपुढे असे, आणि तिला पगार द्यायचा असतो हे कुणाच्या मनातही येत नसे. पुढे नोकऱ्यांसाठी कुटुंबं विखुरली, तेव्हा गरीब ब्राह्मण बायका पैसे घेऊन दुसऱ्यांकडे स्वयंपाकाला जाऊ लागल्या. आजच्या 'काकू' या हाकेत ते नातं शिल्लक आहे. 1896 साली धोंडो केशव कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला, म्हणजे आजच्या कर्वेनगरात गेला. 1909 साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं. त्यातून विधवांना चुलीपलीकडची, शिक्षिकेची आणि परिचारिकेची वाट मिळाली.

गरिबी सगळीकडे होती. फरक होता तो तिच्यातून बाहेर पडायच्या वाटेचा. कोकणातून आलेला गरीब ब्राह्मण मुलगा वार लावून जेवे, माधुकरी मागे आणि शिकून कारकून होई. पुण्यातल्या कितीतरी घराण्यांचा मूळपुरुष असाच वर आला आणि घरोघर त्याची गोष्ट अभिमानाने सांगितली जाते. त्याच गावात मांगवाड्यातल्या मुलाला वार कोण लावून देणार होतं? फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मांग मुलीने 1855 साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात निबंध लिहिला. घरावर छप्पर नसल्याने आपल्या बायका बाळंतपणात थंडी-पावसात कशा हाल सोसतात, हे तिने त्यात मांडलं. जात, गरिबी आणि बाईपण यांचा एकत्र हिशेब मांडणारं ते लिखाण आहे. ती तेव्हा 14 वर्षांची होती. 1882 साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी पैशाचाच मुद्दा काढला: शेतसारा रयतेच्या घामातून गोळा होतो आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर.

स्वातंत्र्यानंतर पुणं पेन्शनरांचं गाव राहिलं नाही. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मागोमाग आकुर्डी-पिंपरीचे मोठे कारखाने आले. 'परमनंट' हा शब्द लग्नाच्या बाजारात वजनदार झाला, पण तो बहुतेक पुरुषांसाठी होता. 12 जुलै 1961ला पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठची बिऱ्हाडं उठून लांब गेली. मग आला 1972चा दुष्काळ. मराठवाडा आणि सोलापूरकडून कुटुंबंच्या कुटुंबं पुण्यात उतरली. पुरुष बिगारी नाहीतर हमालीला लागले आणि बायकांनी जवळच्या कॉलन्यांत धुणीभांडी धरली. पर्वतीच्या पायथ्याची वस्ती आणि समोरचे बंगले एकमेकांच्या गरजेने वाढले.

नवरा हमाल आणि बायको मोलकरीण अशा घराकडे पाहिलं, तर पुढची विषमता नीट दिसते. बाबा आढावांनी पन्नाशीच्या दशकात हमाल पंचायत उभी केली. 1969 साली महाराष्ट्रात माथाडी कायदा आला. मालकाची नोंदणी, मजुरी मंडळामार्फत, वर मालकाने भरायची लेव्ही, त्यातून प्रॉव्हिडंट फंड आणि बोनस, अशी सोय झाली. मालक रोज बदलला तरी हक्क बुडू नये म्हणून शोधलेली ही युक्ती होती, आणि माझ्या मते या राज्याने केलेल्या सर्वात हुशार कायद्यांपैकी ती एक आहे. दिवसाला पाच घरी राबणाऱ्या बाईचीही अडचण तीच: मालक अनेक आणि जबाबदार कुणीच नाही.

1980 साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला. पगारवाढ, सुट्टी, बोनस या मागण्या होत्या आणि त्यातून संघटना उभी राहिली. दिवाळीचा एक पगार आज 'रीत' वाटतो, पण त्यामागे असं भांडण आहे. कायदा यायला मात्र 2008 उजाडलं. माथाडीनंतर 39 वर्षांनी घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, त्यात बाळंतपणाला, मुलांच्या शिक्षणाला, अंत्यविधीला मदत आहे. दर ठरवून देण्याचं काम या मंडळाकडे नाही. हमालाला मजुरीची हमी आणि त्याच्या बायकोला मदत, असा हा फरक. केरळ, कर्नाटक, तमिळनाडू यांनी घरकाम किमान वेतनाच्या यादीत घेतलं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2011 मध्ये घरकामगारांसाठी 189 क्रमांकाचा करार केला, भारताने अजून त्याला मान्यता दिलेली नाही.

कारण नेहमी एकच सांगतात, घर म्हणजे कारखाना नव्हे. त्याच्या आतलं कारण असं, की घरातली बाई जे फुकट करते त्याला दुसरीने किती मागावेत, याचा अंदाज आपण शून्यापासून धरतो. म्हणून घासाघीसही बहुधा बाईच बाईशी करते. पुरुष पेपर वाचत असतो.

मार्च 2020 मध्ये सोसायट्यांची गेट बंद झाली. काहींनी पगार चालू ठेवला, पुष्कळांनी नाही. 2021च्या निर्बंधांत सरकारने नोंदणीकृत घरकामगारांना 1,500 रुपये जाहीर केले. नोंदणीच नसलेल्यांचा त्यात प्रश्नच आला नाही.

आता आमच्या गेटवर ॲप आहे. मावशी आत आल्या की वेळ पडते, गेल्या की पडते, खाडे आपोआप मोजले जातात. गेल्या महिन्यात त्यांनी मला त्यांचं पान उघडून दाखवायला सांगितलं. फोटोखाली तारे होते, 4.2.

"बाकीचे कुणी कापले?"

"नाव येत नाही, मावशी."

"आणि आम्हाला देता येतात का, घरांना?"

नाही म्हटलं. त्यांनी कट्ट्यावरचा आपला वेगळा कप विसळून पालथा घातला आणि बी विंगच्या भांड्यांना गेल्या.