३०१ की ३०२? छोट्या लिंकची सेवा लोकांपुढे नेण्याआधी

लिंक छोटी करून देणारी सेवा बनवायला घेतली की ती पहिल्याच संध्याकाळी चालायला लागते. एक टेबल, त्यात दोन रकाने: छोटा कोड आणि मूळ पत्ता. कुणी कोड घेऊन आलं की टेबलात पाहायचं आणि ब्राउझरला मूळ पत्त्यावर पाठवून द्यायचं. या पाठवून देण्याला रीडायरेक्ट म्हणतात, आणि तो लिहिताना एक आकडा द्यावा लागतो, ३०१ किंवा ३०२. दोन्ही टाकून पाहिलं तरी समोर काही फरक दिसत नाही. लिंक दाबली, पान उघडलं. म्हणून बहुतेक जण फ्रेमवर्क, म्हणजे वापरायला घेतलेला तयार कोडचा सांगाडा, जो आकडा देईल तो तसाच ठेवतात आणि डोमेनचं नाव, लोगो, पहिली जाहिरात यांच्या मागे लागतात.

माझ्या मते सेवा लोकांपुढे नेण्याआधी सगळ्यात जास्त वेळ या आकड्याला द्यायला हवा. लिंक किती वेळा उघडली ते कळेल, पत्ता नंतरही बदलता येईल, घातक लिंक आम्ही लगेच बंद करू, असं जे जे तुम्ही लोकांना सांगणार आहात, ते खरं ठरणार की नाही हे या एका आकड्यावर ठरतं.

लिंक दाबल्यावर काय होतं ते जवळून पाहू. ब्राउझर तुमच्या सर्व्हरला विचारतो, या कोडवर काय आहे? सर्व्हर पान पाठवत नाही. तो उत्तराच्या पहिल्या ओळीत आकडा पाठवतो आणि खाली ‘लोकेशन’ नावाच्या हेडरमध्ये, म्हणजे उत्तरासोबतच्या माहितीच्या ओळीत, मूळ पत्ता देतो. ब्राउझर तो पत्ता उचलतो आणि तिकडे जातो. इथपर्यंत दोन्ही आकडे सारखे. फरक पडतो तो तीच लिंक त्याच ब्राउझरमध्ये दुसऱ्यांदा दाबल्यावर.

३०१ म्हणजे ‘हे कायमचं तिकडे हलवलं आहे’. ब्राउझर त्यावर विश्वास ठेवतो आणि नवा पत्ता आपल्या कॅशेमध्ये, म्हणजे पुन्हा वापरायच्या उत्तरांच्या साठ्यात, लिहून ठेवतो. पुढच्या वेळी तो तुमच्या सर्व्हरला विचारायलाच येत नाही, परस्पर मूळ पत्त्यावर जातो. ३०२ म्हणजे ‘सध्या ते तिकडे सापडेल’. सध्या म्हटल्यावर लिहून ठेवण्यात अर्थ नाही, म्हणून ब्राउझर प्रत्येक वेळी नव्यानं विचारतो. हे ब्राउझर बनवणाऱ्यांच्या मर्जीवर सोडलेलं नाही. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या एचटीटीपीनुसार बोलतात, तिचे नियमच तसे आहेत: वेगळी सूचना नसेल तर ३०१चं उत्तर साठवायला मुभा आहे, आणि ३०२चं उत्तर सर्व्हरनं तसं स्पष्ट सांगितल्याशिवाय साठवायचं नाही.

३०३, ३०७ आणि ३०८ हे आकडेही आहेत. फॉर्म भरून पाठवलेली विनंती ३०१ किंवा ३०२ मिळाल्यावर ब्राउझर साध्या विनंतीत बदलून टाकत. त्या गोंधळातून ३०७ आला आणि नंतर ३०८. छोटी लिंक लोक फक्त उघडतात, तिच्यावर फॉर्म पाठवत नाहीत, त्यामुळे आपल्याला त्यांच्यात शिरायचं कारण नाही.

माझ्या पहिल्या सेवेत ३०१ होता. एका कार्यक्रमाच्या नोंदणीची लिंक आयोजकांनी तीवरून बनवली, क्यूआर कोड काढला आणि पत्रकावर छापला. पहिल्या फॉर्ममधल्या जागा भरल्या, त्यांनी नवा फॉर्म केला आणि मला पत्ता बदलायला सांगितलं. मी टेबलातली ओळ बदलली, फोनवर लिंक उघडली, नवा फॉर्म आला. झालं म्हणून कळवलं. त्यांच्याकडे मात्र जुनाच, बंद झालेला फॉर्म उघडत होता. मी टेबल पुन्हा पाहिलं, सर्व्हर पुन्हा सुरू केला, शेवटी सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. त्यांच्या विनंतीचा तिथे मागमूस नव्हता. त्यांचे ब्राउझर माझ्यापर्यंत येतच नव्हते. मी ती लिंक फोनवर पहिल्यांदाच उघडत होतो, म्हणून मला ती दुरुस्त दिसली. त्यांनी ती छापण्याआधी दहादा तपासली होती, आणि तेच अडकले होते.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट मला नंतर उमगली. आदल्या दिवशी लिंक उघडून ‘उद्या भरू’ म्हणून थांबलेली माणसंही तशीच अडकली होती. म्हणजे ज्यांना खरोखर यायचं होतं तेच बंद दारापाशी जात होते, आणि माझ्या हातात काही नव्हतं. एकदा दिलेला ३०१ सर्व्हरला परत मागून घेता येत नाही. ब्राउझर पुन्हा विचारायला आला तरच त्याला काही सांगता येईल, आणि न विचारण्याची परवानगी तर आपणच दिलेली असते.

हा दोष बनवणाऱ्याच्या नजरेला का पडत नाही, याचंही एक साधं कारण आहे. काम करताना डेव्हलपर टूल्स, म्हणजे ब्राउझरमधली तपासणीची साधनं, उघडी असतात आणि त्यातल्या नेटवर्क टॅबमध्ये कॅशे बंद ठेवायची खूण केलेली असते. ती खूण असेपर्यंत ३०१सुद्धा ३०२सारखा वागतो. ती काढा, लिंक दोनदा उघडा आणि दुसऱ्या वेळची ओळ पाहा. क्रोममध्ये ३०१च्या शेजारी उत्तर डिस्क कॅशेमधून आल्याचं लिहिलेलं दिसेल.

आता प्रचाराकडे. या क्षेत्रात टायनीयूआरएल २००२ पासून आहे, बिटली २००८ पासून. तरी लोकांनी तुमच्या नव्या, छोट्या सेवेकडे का यावं? एके काळी उत्तर सोपं होतं. ट्विटरवर १४० अक्षरांत सगळं बसवायचं असायचं आणि लांबलचक पत्ता निम्मी जागा खायचा. पुढे ट्विटरनं प्रत्येक लिंक स्वतःच्या टी डॉट को या छोट्या पत्त्यात गुंडाळायला सुरुवात केली, आणि आता लिंक कितीही लांब असो, तिची अक्षरं २३च धरली जातात. म्हणजे अक्षरं वाचवण्याचा मुद्दा तिथे संपला. आज छोट्या लिंकची गरज उरते ती छापील कागदावर, क्यूआर कोडमध्ये (पत्ता लहान तितके चौकोन कमी, आणि तितका तो दुरून पटकन वाचला जातो), फोनवर तोंडी सांगताना, आणि जिथे पत्ता नंतर बदलायचा किंवा किती जण आले ते मोजायचं आहे तिथे. बदलणं आणि मोजणं या दोन गोष्टींसाठी ब्राउझरनं प्रत्येक वेळी तुमच्याकडे यायला हवं. तुमच्या जाहिरातीतली सगळ्यात वजनदार दोन वाक्यं अशी ३०२वर उभी आहेत.

मोजण्याबद्दल थोडं सावध राहायला हवं. ३०१ असेल तर एका ब्राउझरनं पाच वेळा लिंक उघडली तरी तुमच्याकडे बहुधा एकच नोंद होते. ३०२ असेल तर पाचही होतात, पण त्यांच्यासोबत माणसं नसलेल्या भेटीही मोजल्या जातात. चॅटमध्ये लिंक टाकताच तिची झलक दाखवायला एखादा प्रोग्राम ती उघडतो. ऑफिसच्या मेलमधली सुरक्षा यंत्रणा पत्र पोचण्याआधीच आतल्या लिंका तपासते. नवी लिंक कुणी पाहायच्या आधीच तिच्यावर क्लिक पडलेले दिसतात ते यामुळे. ओळखता येतील तेवढे असे प्रोग्राम वेगळे काढा, आणि फक्त हेडर मागणाऱ्या विनंत्या क्लिकमध्ये धरू नका. आणि ‘इतक्या लोकांनी लिंक उघडली’ असं लिहिण्याऐवजी ‘लिंक इतक्या वेळा उघडली गेली’ असं लिहा. शब्द दोन-चारच बदलतात, पण तुमच्या आकड्यावर विसंबून पुढची पत्रकं छापणाऱ्याशी तुम्ही खरं बोललेले असता.

बदलणं आणि मोजणं यांखेरीज ३०२चं तिसरं कारण माझ्या लेखी सगळ्यात मोठं आहे. छोटी लिंक मूळ पत्ता झाकते, म्हणून फसवणूक करणाऱ्यांना ती हवीच असते. कुणालाही, खातं न काढता लिंका बनवू देणारी सेवा सुरू झाली की असे लोक तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. बँकेसारखं दिसणारं खोटं पान तुमच्या लिंकमागे आहे असं कळलं, तर ३०२ असताना तुम्ही टेबलातली एक ओळ बदलता आणि त्या क्षणापासून येणाऱ्या प्रत्येकाला इशाऱ्याचं पान दिसतं. ३०१ असेल तर ज्यानं ती लिंक एकदा उघडून सोडून दिली होती, तो दुसऱ्यांदा थेट चोराच्या दारात जातो. लिंक तुमच्या नावाची, पण तुमचा इशारा त्याच्यापर्यंत पोचत नाही.

याचा परिणाम त्या एका लिंकपुरता राहत नाही. घातक पत्त्यांची नोंद ठेवणारं गूगलचं सेफ ब्राउझिंग, स्पॅम रोखणाऱ्या स्पॅमहाउस या संस्थेच्या डोमेनयाद्या यांच्यात तुमचं डोमेन गेलं की सरळ माणसांच्या सगळ्या लिंकाही त्यासोबत अडकतात. म्हणून सुरुवात गाजावाजा न करता करा असं मी आग्रहानं सांगेन. आधी ओळखीच्या मोजक्या लोकांना वापरायला द्या. तक्रार करायची जागा पहिल्या पानावर ठेवा. लिंक बनतानाच मूळ पत्ता सेफ ब्राउझिंगकडे तपासून घ्या आणि नंतरही मधूनमधून तपासत राहा, कारण चांगलं दिसणारं पान आठवड्यानं बदलू शकतं. दुसऱ्या सेवेची छोटी लिंक पुन्हा छोटी करून देऊ नका, त्या साखळीत शेवटचा पत्ता हरवतो. एवढं उभं राहिल्यावर प्रचाराला लागा.

३०१ची बाजूही खरी आहे. शोधयंत्रांना तो ठामपणे सांगतो की मूळ पत्ता हाच खरा. ३०२ तेच क्षीण आवाजात सांगतो. ‘३०२ दिला तर लिंकची किंमत वाया जाते’ ही भीती मात्र आता बाळगू नये, अशा रीडायरेक्टमुळे पेजरँक (लिंकांवरून पानाचं वजन ठरवायचं गूगलचं माप) घटत नाही असं गूगलकडून २०१६ मध्येच सांगितलं गेलं आहे. दुसऱ्या वेळी पान क्षणभर आधी उघडतं, हाही ३०१चा फायदाच. तुमचा सर्व्हर बंद पडला तरी आधी येऊन गेलेल्यांची लिंक चालत राहते. आणि वाचकाची प्रत्येक भेट तुमच्या नोंदीत येत नाही, हे मला मोठं वाटतं. ज्याला मोजायचंच नाही आणि पत्ता कधीच बदलायचा नाही, त्याच्यासाठी ३०१ अधिक सभ्य आहे. सर्व्हरवरचा भार कमी होतो हे कारण मात्र छोट्या सेवेला लागू नाही, टेबलात एक ओळ शोधणं म्हणजे भार नव्हे.

दोन्हींच्या मधली एक वाटही आहे. ३०१ द्यायचा, पण सोबत ‘कॅशे-कंट्रोल’ हेडरमध्ये साठवणीची छोटी मुदत घालायची. बिटलीच्या उत्तरांत ३०१ बरोबर ९० सेकंदांची मुदत आणि ‘प्रायव्हेट’ ही सूचना दिसत आली आहे. शोधयंत्राला ‘कायमचं’ असा संकेत मिळतो आणि ब्राउझर दीड मिनिटानं पुन्हा विचारायला येतो. ‘प्रायव्हेट’मुळे वाटेतला सामायिक कॅशे ते उत्तर साठवून सगळ्यांना वाटत नाही. पुढे सीडीएन, म्हणजे तुमची उत्तरं जागोजागी साठवून वाटणारे सर्व्हर, लावणार असाल तर ही सूचना विसरू नका, नाहीतर क्लिक सीडीएनवरच अडतील. नव्यानं सुरू करणाऱ्याला मी तरी साधा ३०२ आणि ‘नो-स्टोअर’ (हे उत्तर साठवू नका) असंच सुचवेन. समजायला सोपं, आणि चूक झाली तर ती निस्तरता येते.

३०१च्या अर्थातला ‘कायमचा’ हा शब्द आणखी एका जागी फसवतो. तो वाचून लोक जाहिरातीत ‘कायमची लिंक’ असं लिहितात. पण तो शब्द दोन पत्त्यांच्या नात्याबद्दल आहे. लिंक किती जगेल ते तुमच्या डोमेनवर आणि तुमच्या चिकाटीवर ठरतं, मग आकडा कुठलाही असो. गूगलनं २००९ मध्ये गू डॉट जीएल ही छोट्या लिंकची सेवा सुरू केली, २०१८ मध्ये ती बंद करत असल्याचं जाहीर केलं, आणि २०२४ मध्ये सांगितलं की जुन्या लिंकाही ऑगस्ट २०२५ मध्ये थांबतील. त्या महिन्यात निर्णय थोडा सैल झाला आणि वापरात असलेल्या लिंका राहू दिल्या गेल्या. डोमेनही आपल्याच हातात असतं असं नाही. २०१० मध्ये व्हीबी डॉट एलवाय या छोट्या लिंकच्या सेवेचं डोमेन लिबियाच्या नोंदणीसंस्थेनं काढून घेतलं, कारण डॉट एलवाय हा त्या देशाचा शेपटा आहे. सेवा मिटल्या तरी त्यांच्या लिंका मरू नयेत म्हणून इंटरनेट आर्काइव्ह या जुनी पानं जपणाऱ्या संस्थेनं २००९ मध्ये एक उपक्रम हाती घेतला, त्याचं नाव ‘३०१वर्क्स’. तेव्हा ‘कायमची’ असं लिहू नका. डोमेनची नोंदणी किती वर्षांची आहे, सेवा बंद करावी लागली तर किती महिने आधी कळवाल, आणि कोड व पत्त्यांची यादी लोकांना उतरवून घेता येईल का, ते लिहा.

सेवा आधीच ३०१वर सुरू झाली असेल तर आकडा आजच बदला. नव्या लोकांसाठी तेवढं पुरतं. जुन्या ब्राउझरमध्ये बसलेला पत्ता मात्र त्या माणसानं कॅशे साफ करेपर्यंत किंवा ब्राउझरनं तो आपणहून काढेपर्यंत राहणार. ज्या लिंकेचा पत्ता बदलायलाच हवा, तिच्या मालकाला कळवून नवा कोड बनवून द्या. जुना कोड मात्र दुसऱ्या कुणालाही देऊ नका, कारण कुणाच्या तरी फोनमध्ये तो अजून जुन्या जागीच नेत असतो.