सहारचं छप्पर आणि तीस खांब

मुंबई विमानतळाच्या टी-२ मध्ये चेक-इनच्या हॉलमध्ये उभं राहिलं की वर जाऊन फुलत गेलेल्या पांढऱ्या खांबांकडे नजर जातेच. छताची नक्षी मोराच्या पिसाऱ्याची आठवण देते आणि ती देखणी आहे, यात वादच नाही. मला मात्र त्याहून मोलाचा वाटतो तो खांबांचा आकडा. सुमारे ७०,००० चौरस मीटरचं छप्पर आणि त्याला खांब अवघे ३०!

याचं मोठं कारण जमिनीत आहे. काम सुरू झालं तेव्हा तिथे जुनं आंतरराष्ट्रीय टर्मिनल उभं होतं, आणि मुंबईला दुसरा विमानतळ नसल्यामुळे ते बंद ठेवणं शक्यच नव्हतं. प्रवाशांची वर्दळ चालू ठेवून, जुन्या इमारतीला खेटून नवी उभारायची होती. अशा जागी प्रत्येक खांबाला खोल पाया लागतो, आणि प्रत्येक पाया चालू कामकाजात अडथळा ठरू शकतो. म्हणून स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या अमेरिकी कंपनीच्या अभियंत्यांनी खांब विरळ केले: एका दिशेला ६४ मीटर, दुसऱ्या दिशेला ३४ मीटर अंतर. इमारतीचा लांबट ‘एक्स’ आकारही याच अडचणीतून आला. जुन्या बांधकामाला वळसा घालत ती टप्प्याटप्प्याने वाढवता येणार होती.

खांब विरळ झाले की सगळी जबाबदारी छपरातल्या पोलादी कैच्यांवर, म्हणजे दांडे जोडून केलेल्या त्रिकोणी सांगाड्यांवर येते. कडेचं छप्पर तर शेवटच्या खांबापुढे सुमारे ४० मीटर अधांतरी आहे. वजनामुळे ते खाली वाकू पाहतं आणि हा वाक सर्वांत जास्त जोर लावतो तो खांबापाशी. तिथे कैचीचा वरचा दांडा ताणला जातो, खालचा दाबला जातो. या दोन दांड्यांमधलं अंतर दुप्पट केलं, तर तोच वाक पेलताना प्रत्येकावरचं बल निम्मं होतं. म्हणून खांबाजवळ कैच्यांची उंची वाढवलेली आहे. शिवाय त्या उभ्या-आडव्या आहेत तशा ४५ अंशांत तिरक्याही धावतात, त्यामुळे भार चहूबाजूंनी वाटून खांबावर उतरतो. खांब फुललेला दिसतो, त्यामागे हे गणित आहे.

वाऱ्याचाही विचार करावा लागतो. जोराच्या वाऱ्यात छत्री उलटते, तसंच एवढी मोठी वळचण वर उचलली जाऊ शकते. म्हणजे खांबांनी छप्पर नुसतं पेलून भागत नाही, धरूनही ठेवावं लागतं.

आणखी एक धाडस म्हणजे या छपराला प्रसरणासाठी फट ठेवलेली नाही. ३०० मीटर लांबीचं पोलाद २० अंशांनी तापलं तर साधारण ७२ मिलिमीटर वाढतं. एरवी मोठी छपरं तुकड्यांत बांधून मध्ये फटी सोडतात. पण मुंबईच्या पावसात गळतीची सुरुवात बहुधा अशाच जोडापासून होते. अखंड छपरात ही वाढ खांबांच्या किंचित झुकण्यात सामावून घ्यावी लागते. इथे खांबांची उंची कामी येते, कारण आखूड खांबापेक्षा उंच खांब सहज झुकतो. समुद्रकाठच्या हवेत तापमानाची तफावत दिल्लीइतकी नसते, हीही जमेची बाजू.

१२ फेब्रुवारी २०१४ला इथून आंतरराष्ट्रीय वाहतूक सुरू झाली, तेव्हा इमारत पूर्ण झालेली नव्हती. जुनं टर्मिनल रिकामं करून पाडल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत उरलेलं काम पुढे सुरू राहिलं.