पल्ला-निवड, आलेखातील
संगणकावरील आलेखात माऊसचे बटण दाबून ओढत अक्षाचा एक भाग निश्चित करण्याची क्रिया. निवडलेला भाग मोठा करून पाहता येतो, त्यातील बिंदूंची सरासरी काढता येते किंवा तो उरलेल्या विदेपासून (डेटापासून) वेगळा करता येतो.

या क्रियेच्या उगमाबद्दल एकमत नाही. इव्हान सदरलंड यांच्या स्केचपॅड (१९६३) प्रणालीत प्रकाशलेखणीबरोबर रबरासारखी ताणली जाणारी रेषा होती. आजची ओढत जाणारी चौकट तिचीच वंशज असावी. मात्र तेथे रेखाटन होते, विदा नव्हती. सांख्यिकीच्या ग्रंथांत बहुधा रिचर्ड बेकर आणि विल्यम क्लीव्हलँड यांच्या ‘टेक्नोमेट्रिक्स’ या नियतकालिकातील १९८७ च्या लेखाला मान दिला जातो. त्यात विकीर्ण आलेखावर (दोन चलांची मूल्ये बिंदूंनी दाखवणाऱ्या आलेखावर) एक आयत फिरवला की त्याखालचे बिंदू शेजारच्या सर्व आलेखांत उजळत. काही अभ्यासक कॅरोल न्यूटन यांच्या १९७८ च्या लेखनाकडे निर्देश करतात. त्याही आधी, १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात, स्टॅनफर्ड लिनिअर ॲक्सलरेटर सेंटरमध्ये मेरी ॲन फिशरकेलर, जेरोम फ्रीडमन आणि जॉन टुकी यांनी प्रिम-९ ही प्रणाली उभारली होती. नऊ चलांपर्यंतची विदा हाताळणाऱ्या या प्रणालीत चलांवर मर्यादा घालून तेवढेच बिंदू पडद्यावर ठेवता येत. निवड म्हणजे मूल्यांवरील अट, ही कल्पना येथे स्पष्ट दिसते. म्हणून प्रिम-९ ला अग्रमान देणे अधिक सयुक्तिक वाटते.

या अटीलाच तांत्रिक महत्त्व आहे. माऊस पिक्सेल कळवतो, आलेखाला मूल्य हवे असते. रेषीय अक्षावर डाव्या कडेपासूनचे अंतर भागिले आलेखाची रुंदी, गुणिले कमाल व किमान मूल्यांतील फरक, अधिक किमान मूल्य, एवढे गणित पुरते. लघुगणकी अक्षावर, म्हणजे समान अंतरागणिक मूल्य समान पटीने वाढते अशा अक्षावर, हे गणित घातांकांवर करून मग मूळ मूल्याकडे परतावे लागते. उभ्या अक्षावर दिशा उलटते, कारण पडद्याचे निर्देशक वरून खाली वाढतात. चोवीस तासांचा आलेख ८०० पिक्सेलांत मावत असेल, तर एक पिक्सेल १.८ मिनिटांचा होतो. याहून बारीक निवड झूम केल्याशिवाय संभवत नाही. निवड पिक्सेलांत जपून ठेवली, तर खिडकीचा आकार बदलताच ती चुकीच्या विदेवर जाऊन बसते. ती मूल्यांतच जपली पाहिजे.

मायक्रोसॉफ्टच्या .नेट फ्रेमवर्क ४ (२०१०) या आज्ञावली-मंचावरील विंडोज फॉर्म्सच्या चार्ट घटकात निवड सुरू असताना एक आणि संपल्यावर एक अशा दोन घटना (इव्हेंट) आज्ञावलीला कळतात. जड गणित दुसरीवर ठेवणे इष्ट. तेथील कर्सरचा टप्पा, म्हणजे तो एका वेळी सरकतो ते अंतर, मुळात १ असतो, त्यामुळे दशांशांतील मूल्ये निवडताना कडा पूर्णांकावर सरकते. टप्पा शून्य केल्यास ती मुक्त होते. या घटकात तारखा दिवसांच्या संख्येत साठवल्या जातात, म्हणून तासांची निवड हवी असल्यास टप्प्याचे एककही ठरवून द्यावे लागते.

उजवीकडून डावीकडे ओढल्यास आरंभ शेवटापेक्षा मोठा ठरू शकतो. तेव्हा दोघांची अदलाबदल करून घ्यावी. जावा भाषेतील जेफ्रीचार्ट या आलेख-ग्रंथालयात (तयार आज्ञावलींच्या संचात) मात्र डावीकडे ओढणे हा पूर्ण आलेखाकडे परतण्याचा संकेत आहे. क्यूटी चार्ट्स या तशाच ग्रंथालयात झूम मागे घेण्याचे काम उजव्या बटणाकडे असते. पायथन भाषेतील मॅटप्लॉटलिबच्या स्पॅनसिलेक्टर या पल्ला-निवडीच्या साधनाला किमान रुंदी देता येते. तिच्याहून अरुंद ओढ निवड धरली जात नाही. विंडोजही साध्या क्लिकला ओढ समजू नये म्हणून सामान्यतः ४ पिक्सेलांची सूट देते. बटण दाबलेले असताना माऊस खिडकीबाहेर गेला, तरी तो आलेखाच्याच ताब्यात राहायला हवा, आणि कडा अक्षाच्या टोकाशी थांबायला हवी.

चौकट काढण्याची जुनी रीत रंग उलटवण्याची होती: तीच चौकट दुसऱ्यांदा काढली की खालचे चित्र जसेच्या तसे परत येई, आलेख पुन्हा काढावा लागत नसे. आता बहुधा अर्धपारदर्शक थर वापरतात.

पल्ला ठरल्यावर त्यातील बिंदू शोधावे लागतात. विदा क्रमवार असेल, तर द्विभाजन शोधाने (दर तुलनेला उरलेल्या नोंदी निम्म्या करत) दहा लाख नोंदींत एक कडा सुमारे २० तुलनांत सापडते. कळफलकावरून निवड करण्याची सोय पुष्कळ आलेख-ग्रंथालयांत आयती मिळत नाही. दोन्ही टोकांची मूल्ये टंकित करण्याच्या चौकटी दिल्यास ती उणीव भरून निघते आणि निवडही पिक्सेलाच्या मर्यादेतून सुटते.