‘साठा’ म्हणजे नेमके काय? गॅस हायड्रेटची पार्श्वभूमी

गॅस हायड्रेट म्हणजे समुद्रतळाखालच्या थंडीत आणि दाबाखाली बर्फासारख्या पाण्याच्या स्फटिकांत अडकलेला वायू, मुख्यतः मिथेन. त्याची बातमी आली की भारतासाठी 1,894 लाख कोटी घनमीटर हा आकडा हमखास येतो आणि त्याच्या शेजारी ‘साठा’ हा शब्द. घोळ इथेच आहे. जमिनीखाली असेल असा अंदाज आहे त्यालाही आपण साठा म्हणतो आणि परवडेल अशा खर्चात वर काढता येते त्यालाही. तेल-वायूच्या हिशेबात हे दोन वेगळे रकाने आहेत. वरचा आकडा पहिल्या रकान्यातला, निव्वळ अनुमानाचा.

अनुमान कशावरून? भूकंपीय सर्वेक्षणात समुद्रतळाखाली, तळाला समांतर अशी एक रेघ उमटते. हायड्रेट टिकून राहण्याची ती खालची हद्द मानतात. पण ती ठळक दिसते ती मुख्यतः तिच्याखाली अडकलेल्या मोकळ्या वायूमुळे. वर हायड्रेट किती, हे ती रेघ सांगत नाही.

भारताचा राष्ट्रीय गॅस हायड्रेट कार्यक्रम 1997 मध्ये सुरू झाला. 2006 मध्ये खोदनौका मुंबईहून निघाली आणि पहिली विहीर केरळ-कोकण खोऱ्यात घेतली. तिथे हायड्रेट मिळालेच नाही. पश्चिम किनाऱ्याची चर्चा त्यानंतर जवळपास थांबली; एका विहिरीवरून एवढा मोठा निकाल लावणे जरा घाईचेच. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात मात्र भेगाळलेल्या चिकणमातीत सुमारे 130 मीटर जाडीचा थर लागला. अंदमानात ते ज्वालामुखीच्या राखेत सापडले.

थर जाड, पण चिकणमातीतून वायू सहज वाहत नाही. विहिरीतला दाब कमी करून हायड्रेट फोडून त्यातला वायू मोकळा करायचा तर भोवती वाळू हवी. म्हणून 2015 च्या दुसऱ्या मोहिमेत वाळूचे थर शोधले, 42 विहिरी घेतल्या, आणि कृष्णा-गोदावरीत ते सापडलेही. पुढच्याच वर्षी नव्या परवाना धोरणात नेहमीच्या तेल-वायूबरोबर हायड्रेटलाही जागा मिळाली.

वाळूचीही एक अडचण आहे. जपानने 2013 मध्ये समुद्रात पहिली उत्पादन चाचणी घेतली. सहा दिवसांत सुमारे 1.2 लाख घनमीटर वायू आला आणि विहिरीत वाळू शिरल्याने काम थांबले. चीनने 2020 मध्ये गाळयुक्त चिकणमातीतच आडवी विहीर घेऊन 30 दिवसांत 8.61 लाख घनमीटर काढले. म्हणजे दिवसाला जेमतेम 28,700. समुद्रातली नेहमीची चांगली वायूविहीर याच्या कित्येक पट देते.