प्रोसेसरला कुलूप कशासाठी?

प्रोसेसर ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग; ते सहज करता येऊ नये म्हणून कंपन्या चिपला कुलूप लावतात. प्रोसेसरचा वेग म्हणजे साधा गुणाकार. बेस क्लॉक (मदरबोर्डचा मूळ ठोका) १०० मेगाहर्ट्झ आणि मल्टिप्लायर (त्याला गुणणारा आकडा) ४२ असेल, तर वेग ४.२ गिगाहर्ट्झ. कंपन्या कुलूप लावतात ते या मल्टिप्लायरला. नव्वदच्या दशकात काही विक्रेते स्वस्त चिपवरचा छापील वेग पुसून वरचा आकडा छापत आणि महाग विकत. ते रोखायला कुलूप आलं. महागडं मॉडेल वेगळं विकण्याची सोयही आपसूक झाली.

पण तेव्हा एक खिडकी उघडी राहिली होती. इंटेलच्या १९९८च्या सेलेरॉन ३००ए या चिपचा मल्टिप्लायर ४.५ वर बंद असला, तरी मदरबोर्डची बस (तेव्हाचा बेस क्लॉक) ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केली की ३०० ची चिप ४५० मेगाहर्ट्झवर पळायची. इंटेलच्या २०११च्या सँडी ब्रिज पिढीपासून तीही जवळपास मिटली. तिथे बेस क्लॉकवर साटा आणि पीसीआय एक्सप्रेस हे डिस्क व ग्राफिक्स कार्ड जोडणारे मार्गही चालतात, त्यामुळे तो चार-पाच टक्के वाढवला तरी हार्ड डिस्क गायब होऊ शकते.

आज इंटेलमध्ये नावात ‘के’ असलेली चिप आणि ‘झेड’ मालिकेचा बोर्ड, दोन्ही लागतात. एएमडीच्या बहुतेक रायझन चिप उघड्या आहेत, पण ए३२० किंवा ए५२० बोर्डावर उपयोग शून्य. रायझन ५८००एक्स३डी मात्र मुद्दाम बंद आहे: चिपवर रचलेल्या कॅशला (जलद मेमरीला) जास्त व्होल्टेज सोसत नाही.

खरी मर्यादा उष्णतेची. वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. ४.० चे ४.६ गिगाहर्ट्झ करताना १.२० व्होल्टचे १.३५ करावे लागले, तर वेग १५ टक्के वाढतो आणि वीज सुमारे ४५ टक्के.

ओव्हरक्लॉकिंग करायचंच असेल, तर बायोसमध्ये (बोर्डच्या मूळ सेटिंगच्या मेनूत) मल्टिप्लायर एकेकाने वाढवा, दर वेळी अर्धा तास चिपला पूर्ण राबवून ताणाची चाचणी घ्या. निळा स्क्रीन आला तर व्होल्टेज ०.०२५ ने वाढवा किंवा एक पायरी उतरा. मशीन सुरूच झालं नाही, तर प्लग काढून बोर्डवरची गोल बॅटरी पाच मिनिटं बाहेर ठेवा; बहुतेक बोर्डांवर सेटिंग मूळपदावर येतं. ओव्हरक्लॉकिंगने झालेलं नुकसान वॉरंटीत सहसा बसत नाही, हे आधीच धरून चाला.

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमध्ये एसी २४ अंशांवर असताना ८५ अंश दाखवणारी चिप, मे महिन्यात खोली ३४ वर गेली की ९५ च्या आसपास जाते. कूलर हवेपेक्षा थंड करू शकत नाही. पुढे १०० जवळ आले की चिप स्वतःच वेग उतरवते, म्हणजे कमावलेलं तिथेच गेलं. म्हणून शेवटची चाचणी रात्री एसीत नको, दुपारी दोनला, एसी बंद ठेवून घ्यावी.