सबवूफर पेटी : मोटारीतील आकारमान आणि ट्यूनिंग

मोटारीतील ध्वनिसंचात साधारणपणे २० ते ८० हर्ट्‌झ या पट्ट्यातील खर्ज सबवूफरकडून मिळतो. तो कसा ऐकू येईल, हे स्पीकर, त्याची पेटी आणि गाडीची केबिन ही तिन्ही मिळून ठरवतात. पेटी स्पीकरच्या पुढच्या आणि मागच्या बाजूचा आवाज वेगळा ठेवते. एरवी खर्जाचे लांब तरंग एकमेकांत मिसळून परस्परांना जवळजवळ नाहीसे करतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पेटीत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि पेटी जितकी लहान, तितकी ही स्प्रिंग ताठ होते.

ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि पुढे १९७०च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी या वर्तनाला गणिती रूप दिले. समजा, एखाद्या स्पीकरची मोकळ्या हवेतील अनुनाद वारंवारता, म्हणजे पडदा ज्या वारंवारतेवर स्वतःहून सहज कंप पावतो ती, २८ हर्ट्‌झ, एकूण क्यू (हा कंप किती आवरला जातो याचे माप; क्यू जास्त, तर आवर कमी) ०.४५ आणि तुल्य आकारमान, म्हणजे त्याचा पडदा तोलून धरणाऱ्या लवचिक भागांइतकी (सस्पेन्शन) ताठरता असलेल्या हवेचे आकारमान, ६० लिटर आहे. ४० लिटरच्या बंद पेटीत त्याचा अनुनाद सुमारे ४४ हर्ट्‌झवर येतो आणि क्यू ०.७१ होतो, हा प्रतिसाद उठावाशिवाय सपाट राहून मग उतरू लागतो. २० लिटरच्या पेटीत अनुनाद ५६ हर्ट्‌झवर व क्यू ०.९ वर जातो. तेथे आवाजाला किंचित उठाव येतो, खालचा खर्ज मात्र लवकर ओसरतो. लहान पेटी पडद्याची हालचाल आवरून धरते, हा तिचा खरा फायदा आहे. पेटी वाटेल तेवढी मोठी केल्याने बेस वाढत जातो, ही समजूत चुकीची आहे. मर्यादेपलीकडे लाभ नगण्य राहतो आणि पडदा प्रमाणाबाहेर हलण्याचा धोका वाढतो.

पोर्ट, म्हणजे पेटीच्या आतली हवा बाहेरच्या हवेशी जोडणारी उघडी नळी, असलेल्या पेटीत पोर्टमधील हवेचे वस्तुमान आणि पेटीतील हवेची स्प्रिंग मिळून स्वतंत्र अनुनाद तयार होतो, आणि त्याच वारंवारतेला पेटीचे ट्यूनिंग म्हणतात. या वारंवारतेवर पडदा सर्वांत कमी हलतो आणि बहुतेक आवाज पोर्टमधून येतो. ५० लिटरच्या पेटीला ३५ हर्ट्‌झचे ट्यूनिंग हवे असेल, तर १० सेंटिमीटर व्यासाचा पोर्ट सुमारे ३१ सेंटिमीटर लांब लागतो. ४० लिटरला तोच सुमारे ४० सेंटिमीटर लागतो. लांबी न बदलता पेटी ४० लिटरची केली, तर ट्यूनिंग ३९ हर्ट्‌झपर्यंत चढते. म्हणूनच लिटरचा हिशेब निव्वळ आकारमानाचा असावा : स्पीकरचा मागचा भाग, आतले आधार आणि पोर्ट यांनी व्यापलेली जागा वजा केल्याशिवाय आकडा खरा ठरत नाही. पोर्ट अरुंद ठेवला, तर हवेचा वेग वाढून फुसफुसाट ऐकू येतो. ट्यूनिंगच्या खाली हवेची पकड सुटते, पडदा बेफाम हलतो आणि आवाज सप्तकामागे २४ डेसिबलने घसरतो. बंद पेटीत ही घसरण १२ डेसिबल असते. त्यामुळे पोर्टच्या पेटीसोबत सबसॉनिक फिल्टर, म्हणजे ट्यूनिंगच्या खालची वारंवारता स्पीकरपर्यंत पोहोचू न देणारा फिल्टर, लावणे शहाणपणाचे असते.

मोटारीचे वेगळेपण केबिनमध्ये आहे. केबिनची सर्वांत मोठी लांबी ३ मीटर मानली, तर सुमारे ५७ हर्ट्‌झच्या खाली बंद जागेतील हवेचा दाब एकत्रच वरखाली होतो आणि आवाजाला सप्तकामागे सिद्धांततः १२ डेसिबलपर्यंत बळ मिळते. प्रत्यक्षात लवचिक पत्रे व फटी यांमुळे ते कमी भरते. बंद पेटीची घसरण या बळाने बरीचशी भरून निघते, त्यामुळे घरात फिकी वाटणारी पेटी गाडीत खोल वाजते. याउलट ४५ ते ५० हर्ट्‌झवर ट्यून केलेली पोर्टची पेटी त्याच पट्ट्यात अधिक फुगते आणि प्रत्येक गाण्यात एकाच स्वराचा घुमारा ऐकू येतो. संगीतासाठी ३० ते ३५ हर्ट्‌झचे ट्यूनिंग अधिक संतुलित राहते.

तयार पेटीचे ट्यूनिंग स्पीकरचा विद्युत संबाध (इम्पीडन्स, म्हणजे बदलत्या विद्युतप्रवाहाला होणारा विरोध) वेगवेगळ्या वारंवारतांवर मोजून कळते : त्याच्या आलेखातील दोन शिखरांच्या मधल्या दरीत तो किमान असतो, तीच पेटीची वारंवारता. ती अपेक्षेपेक्षा वर आली, तर पोर्ट लांब करावा लागतो.